आधी चार बोटं वर

शिडीवर अडकलेल्या माणसाला दोराने खाली उतरवायचं असेल, तर आधी त्याला चार बोटं वर उचलावं लागतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण शास्त्रच तसं आहे. उंच शिडीवर चढणारा माणूस आपल्या पट्ट्याचा आकडा शिडीला अडकवत चढतो. पाय सटकला किंवा भोवळ आली, की तो त्या आकड्यावर लोंबकळतो, आणि सगळं वजन आकड्यावर आलं की तो आकडा काही केल्या निघत नाही. मग वरून दुसरा दोर सोडायचा, तो माणसाच्या छातीशी अडकवायचा, कप्पीने त्याला चार बोटं वर ओढायचं, आकडा सैल पडला की काढून घ्यायचा, आणि मग सावकाश खाली सोडायचं. आप्पांना हे सगळं तोंडपाठ होतं. असणारच, कारण दरवर्षीच्या सरावात तो अडकलेला माणूस म्हणजे आप्पाच असायचे.

आप्पा रंगाच्या कारखान्यात बिलं तपासायच्या विभागात कारकून होते. आता बिलांचा आणि शिडीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. आप्पांच्या बायकोनेही विचारलं होतं. कारखान्याच्या मागे पाण्याची उंच टाकी होती, तिला सरळ उभी लोखंडी शिडी होती, आणि त्या शिडीवर कोणी अडकलाच तर त्याला उतरवायचा सराव वर्षातून एकदा झालाच पाहिजे, असा वरून हुकूम होता. पहिल्या वर्षी वाळू भरलेला पुतळा टांगला. त्याची मान उसवली आणि सगळी वाळू मोठ्या साहेबांच्या गाडीवर पडली. भांडारवाला म्हणाला, दिली होती तेवढी वाळू परत करा, मगच दुसरा पुतळा मिळेल. वाळू तोवर वाऱ्याने कुठच्या कुठे गेली होती. तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्यांनी ठरवलं की जिवंत माणूसच टांगायचा.

पण टांगायचा कोणाला? कामगाराला टांगलं तर संप होणार. साहेबाला टांगलं तर अपमान होणार. उरला कारकून. त्यातही नियमात लिहिलं होतं की अडकलेला माणूस ऐंशी किलोचा धरावा. गोदामातल्या काट्यावर सगळ्या कारकुनांना ओळीने उभं केलं. आप्पा उभे राहिले आणि काटा ऐंशीवर असा गपकन थांबला, की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात आप्पांसाठी टाळ्या वाजल्याचा तो पहिलाच प्रसंग. सुरक्षा अधिकाऱ्यांनी विचारलं, "जमेल ना?" आप्पांनी ती पडत्या फळाची आज्ञा मानली. माणूस टाळ्यांना भुलतो, त्याला काय करणार.

आप्पा टांगले गेले त्या पहिल्याच वर्षी पट्टा मांडीत रुतला. आप्पा म्हणाले, "जरा सैल करता का?" दोर ओढणारा वायरमन वरून म्हणाला, "आप्पा, तुम्ही बेशुद्ध आहात. बेशुद्ध माणूस बोलत नाही." नियम म्हणजे नियम. त्या दिवसापासून आप्पा शिडीवर कधी बोलले नाहीत. गुडघा खरचटला तेव्हा ते दवाखान्यात गेले, तर तिथला माणूस म्हणाला, "अपघात झाला तो अपघाताच्या सरावात. म्हणजे अपघात झालाच नाही. मी औषध कुठल्या खात्यातून देऊ?" आणि हजेरी लावणाऱ्या बाबूने लोंबकळण्याचा सगळा वेळ 'जागेवर नाही' म्हणून लावला. एका अर्थी ते खरंच होतं.

शेजारी एक निवृत्त कंपाउंडर राहायचे. सल्ला देण्यासाठी त्यांना दार वाजवावं लागत नसे, कारण ते कधी आत आले आणि कधी बसले हे कळतच नसे. "आप्पा, वजन सांभाळा हं," ते म्हणायचे. "माणसाची किंमत वजनावर असते. तुमची तर फारच." सरावाचा महिना आला की ते आप्पांच्या ताटात डोकावत आणि बायकोला सांगत, "वहिनी, अर्धी पोळी कमी वाढा," किंवा "थोडं वाढवा, गाल बसलेत." आप्पांच्या बायकोला वाटायचं की हा कुठलातरी मोठा मान आहे. आप्पांनीच तिला सांगितलं होतं, "माझ्याशिवाय सराव होत नाही." त्यात खोटं काही नव्हतं. पण तिने समजूत करून घेतली की आप्पा खाली उभे राहून हुकूम सोडतात, आणि दोराला लोंबकळतो तो दुसराच कोणी. आप्पांनी ती समजूत दुरुस्त केली नाही. बायकोच्या डोळ्यांत आपण चार माणसांना हुकूम सोडतोय, हे चित्र कोणाला पुसावंसं वाटेल?

त्या वर्षी मात्र गोष्ट निराळी होती. विभागप्रमुख निवृत्त झाले होते आणि त्यांची खुर्ची रिकामी होती. साधीसुधी खुर्ची नव्हे, हात असलेली. विभागातल्या बाकी सगळ्या खुर्च्यांना हात नव्हते. कारकुनाला हात टेकायचं काय कारण, असा विचार त्यामागे असावा. प्रमुख गेल्यापासून त्यांचं सगळं काम आप्पाच उरकत होते, तेही आपल्या बिनहाताच्या खुर्चीत बसून. जाता येता ते त्या रिकाम्या खुर्चीच्या हातावरची धूळ बोटाने पुसत. मोठे साहेब एकदा जिन्यात भेटले तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "आप्पा, तुमचं बघतोय मी." बस, एवढंच. पण आप्पांनी ते घरी सांगितलं, बायकोने कंपाउंडरांना सांगितलं, आणि कंपाउंडरांनी कोणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही.

आप्पांच्या मनात त्या खुर्चीचं एवढं काय होतं, ते सांगून टाकतो. आप्पांनी आयुष्यात मागून काही घेतलं नव्हतं, आणि न मागता त्यांना कोणी काही दिलं नव्हतं. ही एक गोष्ट न मागता, कामाच्या जोरावर मिळावी, आणि बायकोने ती मिळताना बघावी, एवढीच इच्छा होती. हावच म्हणायची असेल तर म्हणा.

खुर्चीला दुसरा दावेदार होता जावई. तो कोणाचाही जावई नव्हता. पलीकडच्या टेबलावरचा कारकून, आप्पांहून बराच धाकटा. पण चहा आधी त्याला मिळायला हवा, खिडकी त्याच्या बाजूची उघडायला हवी, नाहीतर हा तोंड फुगवून बसणार आणि सगळ्यांनी मनधरणी करायची. म्हणून त्याला सगळे जावई म्हणत. त्यालाही ते आवडायचं.

यंदा मुख्य कचेरीतून तपासनीस सराव बघायला येणार होते. मोठ्या साहेबांनी ठरवलं की होऊ दे सगळं थाटात. टाकीसमोर मांडव घाला, कर्णा लावा, कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलवा. आणि सराव संपला की तिथेच विभागप्रमुखाचं नाव जाहीर होईल. आप्पा इथे कात्रीत सापडले. बायकोला बोलवावं, तर ती आपल्याला लोंबकळताना बघणार. न बोलवावं, तर खुर्ची मिळताना बघणार नाही. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं की लोंबकळणं थोडा वेळ असतं, खुर्ची कायमची. सकाळी ते एवढंच म्हणाले, "तू ये. सरावात मी कुठे दिसलो तर नवल मानू नको." बायको ठेवणीतले कपडे काढत म्हणाली, "नवल कसलं? सगळं तुम्हीच तर करता."

पाहुणे यायच्या आधी एक रंगीत तालीम झाली. आप्पा नेहमीप्रमाणे चढले, आकडा अडकवला, मान टाकली आणि बेशुद्ध झाले. शिडीच्या मध्यावर एक लोखंडी सज्जा होता, आप्पा त्याच्या जरा खाली लोंबकळत होते. स्वागताचा कापडी फलक नीट बांधलाय का ते बघायला मोठे साहेब मागच्या जिन्याने सज्ज्यावर आले, मागोमाग सुरक्षा अधिकारी. दोघं आप्पांच्या डोक्यावर उभे राहून बोलू लागले. माणूस पोत्यासमोर बोलतो तसं.

"नाव आजच जाहीर करायचं ना, साहेब?"

"आजच. जावयाला देऊन टाकू. नाहीतर वर्षभर तोंड फुगवून बसेल."

"आणि आप्पा? म्हणजे, काम तर सगळं तेच करतात."

"आप्पा खुर्चीत बसले तर इथे कोण लोंबकळणार? विभागप्रमुख असा टांगलेला बरा दिसतो का? आणि ऐंशी किलोचा, न घाबरणारा, न बोलणारा माणूस मी आणू कुठून? तुम्ही लटकता?"

"नाही, तुमचं बरोबर आहे," सुरक्षा अधिकारी लगेच म्हणाले.

आप्पांनी मान वर केली. "साहेब," ते म्हणाले.

"आप्पा, बोलू नका," वायरमन वरून म्हणाला. "बेशुद्ध आहात तुम्ही."

साहेबांनी खाली वाकून पाहिलं आणि कौतुकाने मान हलवली. मग कप्पी कुरकुरली, आप्पा चार बोटं वर गेले, आकडा सुटला, आणि ते सावकाश खाली आले.

खाली आल्यावर त्यांना कोणीतरी चहा दिला. तो त्यांनी प्यायला, कारण कप हातात दिला की पिण्याची सवय होती. राग म्हणावा तर राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. चांगलं काम केलं ही एक चूक, आणि चांगलं लोंबकळलो ही दुसरी. दुसऱ्या चुकीने पहिलीचं वाटोळं केलं. निघून जावं असं त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात फाटकातून बायको येताना दिसली, बरोबर कंपाउंडर. ती दुसऱ्या रांगेत बसली आणि आप्पा हुकूम सोडताना कुठे दिसतात ते मान उंचावून शोधू लागली. आता पळायची सोय राहिली नव्हती.

तेव्हा आप्पांना एक वाक्य आठवलं, पहिल्या वर्षी दोराचं काम शिकवायला बाहेरून एक उस्ताद आला होता, त्याचं. "बेशुद्ध माणूस सोपा असतो," तो म्हणाला होता. "अवघड तो, जो शुद्धीत आहे आणि शिडीला मिठी मारून बसलाय. तो हात सोडत नाही तोवर कुठलाही दोर त्याला उतरवू शकत नाही."

तपासनीस आले, बसले. कर्ण्यावरून सुरक्षा अधिकारी लग्नात नावं पुकारावीत तशा आवाजात समजावू लागले. "आता आपला एक कर्मचारी शिडीवर चढेल. त्याला भोवळ येईल. लक्षात घ्या, सुटकेची पहिली पायरी म्हणजे माणसाला चार बोटं वर घेणं. आधी चार बोटं वर, मग खाली." आप्पा चढू लागले. खाली रांगेत बायकोचं तोंड उघडं राहिलेलं त्यांना दिसलं, आणि मग त्यांनी खाली बघितलं नाही. ठरल्या जागी आकडा अडकवला. शिट्टी वाजली. आप्पांनी मान टाकण्याऐवजी दोन्ही हात पायरीच्या पलीकडून घातले आणि बोटं बोटांत गुंफली.

वायरमनने दोर अडकवला. "सोडा हात, आप्पा."

"नाही सोडत."

"अहो, बेशुद्ध व्हा."

"मी शुद्धीत आहे. आजच आलोय."

वायरमनने कप्पी ओढली. पट्टा वर गेला, सदरा वर गेला, आप्पा जागचे हलले नाहीत. शेजारून फिटर चढला आणि गुदगुल्या करून बघू लागला. आप्पांना गुदगुल्या होत नसत, हे त्याला कुठून माहीत असणार. त्या झटापटीत आप्पांच्या पायातला बूट निसटून फलकावर आपटला आणि 'स्वागत'मधलं अर्धं स्वागत खाली लोंबू लागलं. मोठे साहेब मांडवातून हसत हसत दात ओठ खात होते. ते अवघड काम आहे, पण साहेबांना जमायचं. "आप्पा," ते खालून गोड आवाजात म्हणाले, "काय हवंय ते आपण खाली बसून बोलू."

"खाली बसून नको," आप्पा म्हणाले. "तुम्ही सज्ज्यावर उभं राहून जे बोललात ते कर्ण्यावरून बोला."

साहेबांनी कर्णा बंद करायची खूण केली. तपासनीस पुढे सरकून बसले होते. "हा माणूस चिडलेला का दाखवलाय?" त्यांनी विचारलं. साहेब क्षणभर अडखळले, पण ते उगाच साहेब झाले नव्हते. "घाबरलेला माणूस असाच असंबद्ध बोलतो," ते म्हणाले. "आम्ही यंदा मुद्दाम अवघड प्रसंग घेतलाय."

"मी नाटक करत नाहीये," आप्पा वरून म्हणाले.

"वा," तपासनीस म्हणाले. "आवाजात किती खरी चीड आहे."

जावयाला वाटलं की साहेबांच्या डोळ्यांत भरायची हीच वेळ. त्याने बाह्या सरसावल्या, पट्टाबिट्टा न लावताच शिडी धरली आणि "मी समजावतो त्यांना" म्हणत चढू लागला. निम्म्यावर गेल्यावर त्याने खाली बघितलं. नसतं बघितलं तर ही गोष्ट निराळी झाली असती. आणि त्यानेही शिडीला मिठी मारली. आता वर आप्पा हात सोडत नव्हते आणि खाली जावई. दोर एकच होता.

"दोन अडकलेले?" तपासनीस म्हणाले. "हे आजवर कुठल्या शाखेत पाहिलं नाही."

जावई डोळे मिटून बारीक आवाजात सगळ्या खात्याला शिव्या देत होता. आप्पांना तो वरून दिसत होता. त्यांना वाटायला हवं होतं की बरी खोड मोडली. पण वाटलं नाही. उलट, हा पडला तर जावई म्हणून नव्हे, कुणाचातरी मुलगा म्हणून पडेल, असं काहीतरी डोक्यात आलं, आणि त्याचाही त्यांना रागच आला. नीट रागावणंही आपल्याला जमू नये याचा.

तेवढ्यात बायको दुसऱ्या रांगेतून उठली आणि शिडीपाशी येऊन उभी राहिली. तिने वर बघितलं. एका पायात बूट, सदरा काखेत, असे आप्पा तिला दिसले. "अहो," ती म्हणाली. कर्ण्याची तिला गरज पडली नाही. "दरवर्षी हेच करता तुम्ही?"

"हो," आप्पा म्हणाले.

"आणि मला सांगितलं नाहीत."

"काय सांगू?"

तिने खाली पडलेला त्यांचा बूट उचलला. "सोडा हात," ती म्हणाली. "दंड भरून येतील रात्री. मला जे बघायचं ते दिसलंय. उतरा, आणि त्या पोराला पण घेऊन या."

आप्पांनी बोटं सोडली. वायरमनने त्यांना चार बोटं वर घेतलं, आकडा काढला आणि खाली सोडायला सुरुवात केली. जावयाशेजारी येताच आप्पांनी "थांब" म्हटलं. या वेळी त्यांना कोणी बेशुद्ध म्हटलं नाही. शिडीवरून सुटलेला आपल्या पट्ट्याचा आकडा त्यांनी जावयाच्या पँटच्या कंबरपट्ट्यात अडकवला आणि ते म्हणाले, "माझ्या मानेला धर. खाली बघू नको. माझ्याकडे बघ." जावयाने अशी मिठी मारली की आप्पांचा श्वास कोंडला. दोघं मिळून दोराने गरगरत खाली आले. मांडवात टाळ्या सुरू झाल्या आणि कितीतरी वेळ थांबल्या नाहीत.

मग भाषणं झाली. तपासनीस म्हणाले की शिडीला मिठी मारलेल्या माणसाचा इतका अस्सल अभिनय त्यांनी पाहिला नव्हता, हे गृहस्थ सगळ्या शाखांत जाऊन लटकले पाहिजेत. मोठ्या साहेबांनी आप्पांना पुढे बोलावलं, पुन्हा खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की आप्पा म्हणजे कारखान्याचं भूषण, असा माणूस शोधून सापडणार नाही. त्यांनी आप्पांना एक नवा कोरा पट्टा भेट दिला. त्यावर आप्पांचं नाव शिवून घेतलेलं होतं. पट्टा आधीपासून तयार होता, हे उघडच होतं. टाळ्या झाल्या. मग साहेबांनी विभागप्रमुख म्हणून जावयाचं नाव जाहीर केलं. कारण म्हणून सांगितलं की अडकलेल्या सहकाऱ्यासाठी जिवाची पर्वा न करता वर धावून गेला तो हाच. जावई अजून खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. त्याने आप्पांकडे बघितलं, आणि मग आभार मानायला कर्ण्याकडे गेला.

आप्पा आणि बायको घरी आले. आप्पांनी पट्टा खुंटीवर टांगला, मग काढून पलंगाखाली सरकवला. बायकोने तेल गरम करून आणलं आणि त्यांच्या दंडांना लावू लागली. तेवढ्यात कंपाउंडर आत येऊन बसलेले दिसले. ते मांडवात शेवटच्या भाषणाच्या आधीच चहाच्या रांगेत गेले होते, म्हणून त्यांना शेवट ठाऊक नव्हता.

"काय वहिनी," त्यांनी विचारलं, "मिळाली की नाही आप्पांना बढती?"

आप्पा भिंतीकडे बघत होते. बायकोने त्यांचा दुसरा हात मांडीवर घेतला, तळव्यात तेल ओतलं आणि मान वर न करता म्हणाली, "मिळाली ना. चार बोटं."